एकशे एक्कावन्न वर्षांनी पदक

शौर्यपदक उशिरा मिळते ते सरकारी दिरंगाईमुळे, असा पुष्कळांचा समज असतो. तो अगदीच खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण कित्येकदा आडवा येतो तो नियम. अमेरिकेतील लेफ्टनंट अलोन्झो कुशिंग याची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

दि. ३ जुलै १८६३. यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईचा तिसरा दिवस. दक्षिणेकडील फौजेचे सुमारे साडेबारा हजार लोक उघड्या मैदानातून चालून आले. समोर टेकाडावर कुशिंगचा तोफखाना होता. त्याचे वय अवघे २२. खांद्याला व पोटाशी जखमा झालेल्या, बहुतेक तोफा निकामी. मागे जाण्यास सांगितले असता त्याने ते मानले नाही. उरलेल्या तोफा दगडी भिंतीपर्यंत पुढे नेल्या. आवाज निघेना, तेव्हा सार्जंट फ्यूगरने त्याला धरून उभे केले. कुशिंगने हळू हुकूम सांगावा आणि फ्यूगरने तो मोठ्याने गोलंदाजांना ऐकवावा, असे चालले. शेवटी तोंडात गोळी लागून तो तेथेच पडला.

फ्यूगरला 'मेडल ऑफ ऑनर' १८९७ साली मिळाले. हुकूम देणारा मात्र तसाच राहिला, कारण मृताला हे पदक देण्याची त्या काळी सहसा रीत नव्हती. पुढे रीत पडली, तोवर शिफारशीच्या मुदतीचा कायदा आडवा आला. विस्कॉन्सिनमधील डेलाफील्ड येथे कुशिंगच्या वडिलांच्या जुन्या जागेवर राहणाऱ्या एका बाईंनी १९८७ पासून पत्रांवर पत्रे लिहिली. (अशी चिकाटी आमच्यापैकी किती जणांत निघेल?) अखेर काँग्रेसने मुदतीतून सूट दिली आणि ६ नोव्हेंबर २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी ते पदक एका दूरच्या नातलग बाईंच्या हाती दिले.

व्हिक्टोरिया क्रॉसचेही पूर्वी असेच होते. १८७९ साली इसांडलवानाच्या रणात पडलेल्या मेलव्हिल आणि कॉगहिल यांचे क्रॉस घरच्यांना मिळाले १९०७ साली. हिंदी शिपायाला तर १९११ पर्यंत तो मिळूच शकत नसे. पुढे दोन्ही अडसर निघाले. ज्या मराठा पलटणीचे केंद्र बेळगावात आहे, तिचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते त्यांनी जिंकले आणि तेथेच देह ठेवला. त्यांचा क्रॉस त्याच वर्षी जाहीर झाला.