यंत्रप्रतिमा साचा

यंत्रप्रतिमा साचा : संगणकाची वापरास सिद्ध अशी प्रतिमा स्वयंचलित रीतीने तयार करण्यासाठी लागणाऱ्या सर्व सूचना ज्या मजकूर-फाइलमध्ये ठराविक व्याकरणानुसार लिहिलेल्या असतात, तिला यंत्रप्रतिमा साचा म्हणतात. व्यवहारात टेम्प्लेट हे इंग्रजी नावच अधिक रूढ आहे. लिनक्स वा विंडोज यांसारखी परिचालन प्रणाली, तिच्यावर बसविलेल्या आज्ञावली व त्यांची जुळणी यांसह संगणकाच्या चकतीवरील संपूर्ण आशयाची गोठविलेली प्रत म्हणजे यंत्रप्रतिमा होय. अशा एका प्रतीवरून एकसारखी शेकडो आभासी यंत्रे अल्पावधीत सुरू करता येतात. यंत्रप्रतिमा व साचा यांच्यातील संबंध तयार पक्वान्न व त्याची लिखित कृती यांच्यातील संबंधासारखा असतो. पक्वान्न चाखून त्यात काय काय घातले आहे, हे नेमके सांगता येत नाही. कृती वाचून मात्र ते सांगता येते व तपासताही येते. साच्याचे महत्त्व मुख्यतः या वाचनीयतेत आहे.

पार्श्वभूमी : अनेक संगणकांवर एकच परिचालन प्रणाली बसविण्याचे काम हलके करण्याचे दोन मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रचारात आले. पहिल्या मार्गात, प्रणाली बसविताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवीत. सन कंपनीची जंपस्टार्ट, रेड हॅटची किकस्टार्ट आणि डेबियनची प्रीसीड या पद्धती या प्रकारच्या होत. दुसऱ्या मार्गात, एक संगणक हाताने परिपूर्ण सज्ज करून त्याच्या चकतीची हुबेहूब नक्कल इतरांवर उतरवीत. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेली व १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने घेतलेली घोस्ट ही आज्ञावली यासाठी प्रसिद्ध होती. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने आभासी यंत्रे देण्याची सेवा सुरू केल्यावर नकलेचा हा मार्ग सार्वत्रिक झाला, कारण तेथे प्रत्येक यंत्राचा आरंभच एखाद्या प्रतिमेपासून होतो.

हाताने तयार केलेल्या प्रतिमेत एक मूलभूत उणीव असते. तिच्यात कोणता बदल कोणी व कोणत्या कारणास्तव केला, याची नोंद प्रतिमेत राहत नाही; ती करणाऱ्याच्या स्मरणात असते. तो माणूस दुसरीकडे गेला, की प्रतिमा चालू राहते, परंतु तिच्यात फेरफार करण्यास कोणी धजत नाही. हे ज्ञान यंत्रातून काढून कागदासारख्या वाचनीय माध्यमात आणणे, हा साचा-लेखनाचा हेतू आहे. या क्षेत्रात सर्वाधिक परिचित झालेली पॅकर ही आज्ञावली मिचेल हाशिमोतो यांनी गो या भाषेत लिहिली व ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची निर्मिती करणाऱ्या हाशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा मुक्त परवाना बदलून व्यापारी स्पर्धेवर निर्बंध घालणारा परवाना स्वीकारला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही कंपनी आयबीएमच्या मालकीची झाली.

साच्याची रचना : पॅकरचे साचे प्रारंभी जेसन या मांडणीत लिहीत. तिच्यात टिपा लिहिण्याची सोय नसल्याने काय करावे हे सांगता येई, पण का करावे हे सांगणे अवघड जाई. २०२१ मधील १.७ या आवृत्तीपासून एचसीएल ही टिपांना वाव देणारी भाषा पसंत मानली जाते. या भाषेतील साच्याचे ठळक भाग पुढीलप्रमाणे असतात : आवश्यक जोडघटक व त्यांच्या आवृत्त्या, चल, म्हणजे प्रत्येक वेळी बदलू शकणारी मूल्ये, उगम, म्हणजे प्रतिमा कोठे व कोणत्या मूळ प्रतिमेपासून घडवावयाची त्याचे वर्णन, आणि घडण. घडणीच्या भागात संस्कारक, म्हणजे यंत्रावर क्रमाने करावयाच्या क्रिया, आणि उत्तरसंस्कारक, म्हणजे प्रतिमा सिद्ध झाल्यावरच्या क्रिया, येतात. उदा., संकेतस्थळ चालविणाऱ्या यंत्राच्या साच्यात उबुंटूची अमुक आवृत्ती हा उगम, एंजिनएक्स बसविणे व तिची जुळणी-फाइल जागेवर ठेवणे हे संस्कार, तर तयार प्रतिमेची नोंद लिहून ठेवणे हा उत्तरसंस्कार असतो. एकाच घडणीला अनेक उगम जोडता येत असल्याने निरनिराळ्या सेवांसाठी जवळजवळ सारख्या प्रतिमा एका साच्यातून निघतात. ॲमेझॉनच्या सेवेत प्रतिमा विशिष्ट विभागापुरती असते. त्यामुळे मुंबई विभागात घडविलेली प्रतिमा हैदराबाद विभागात हवी असल्यास तेथे तिची प्रत करण्याची सूचनाही साच्यात द्यावी लागते.

कार्यपद्धती : साचा प्रथम व्याकरणदृष्ट्या तपासला जातो. त्यानंतर पॅकर मूळ प्रतिमेवरून एक तात्पुरते यंत्र सुरू करते, त्याच्याशी सुरक्षित जोडणी साधते व संस्कार क्रमाने पार पाडते. ते यशस्वी झाले, की यंत्र थांबवून त्याच्या चकतीची प्रतिमा घेतली जाते व तात्पुरते यंत्र नष्ट केले जाते. एखादा संस्कार फसल्यास सामान्यतः प्रतिमा तयारच होत नाही. अर्धवट प्रतिमेपेक्षा प्रतिमा नसणे बरे, हे यामागील तत्त्व होय. मूळ प्रतिमा उपलब्ध नसेल, तर प्रणालीच्या स्थापना-चकतीपासून आरंभ करतात. अशा वेळी कळफलकावर माणसाने कळा दाबाव्यात तद्वत साच्यात लिहिलेली अक्षरे यंत्राकडे पाठविली जातात व पुढील प्रश्नांची उत्तरे किकस्टार्टसारख्या फाइलमधून पुरविली जातात. अशा प्रकारे पूर्वीचे दोन्ही मार्ग येथे एकत्र आलेले दिसतात.

लेखनातील दक्षता : मूळ प्रतिमेचे केवळ नाव देऊन भागत नाही. त्याच्याशी मिळतेजुळते नाव देऊन कोणीही प्रतिमा प्रसिद्ध करू शकत असल्याने तिच्या मालकाची ओळखही साच्यात नमूद करावी लागते. आज्ञावलींच्या आवृत्त्या निश्चित न केल्यास तोच साचा सहा महिन्यांनी वेगळी प्रतिमा देतो. नव्याने सुरू झालेले यंत्र आपली प्रारंभिक कामे उरकीत असतानाच संस्कार सुरू झाल्यास दोहोंचा संघर्ष होतो व घडण कधी यशस्वी, तर कधी अयशस्वी होते. म्हणून ती कामे संपेपर्यंत थांबण्याची सूचना आरंभीच घालतात. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र असाव्यात अशा ओळखखुणा व किल्ल्या अखेरीस पुसून टाकाव्या लागतात, अन्यथा त्या सर्व नकलांत एकच राहतात. विंडोजमध्ये हे काम सिसप्रेप या साधनाने करतात.

सर्वांत गंभीर धोका गोपनीय माहितीचा असतो. २०११ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी ॲमेझॉनच्या सेवेतील सु. १,१०० सार्वजनिक प्रतिमा तपासल्या, तेव्हा अनेक प्रतिमांत त्या तयार करणाऱ्यांच्या खाजगी किल्ल्या व परवलीचे शब्द तसेच राहिलेले आढळले. साचा वापरल्याने हा धोका आपोआप टळत नाही. कुबरनेटीससाठी प्रतिमा तयार करणाऱ्या व पॅकरवर आधारलेल्या इमेज बिल्डर या प्रकल्पातील दोष ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाला. घडणीपुरते म्हणून ठेवलेले, सर्वांना ठाऊक असलेले प्रवेशनाम व परवलीचा शब्द प्रॉक्समॉक्ससाठीच्या प्रतिमांत अखेरपर्यंत कायम राहत होते. परिणामी त्या प्रतिमांवरून चालणाऱ्या यंत्रांत परक्यास सर्वाधिकारांसह शिरणे शक्य होते. या दोषाची तीव्रता १० पैकी ९·८ अशी नोंदविण्यात आली. ०.१.३८ या आवृत्तीत दर घडणीला यादृच्छिक परवलीचा शब्द घेणे व शेवटी ते खाते बंद करणे, असा उपाय योजण्यात आला. आधीची सदोष यंत्रे मात्र यामुळे आपोआप सुधारली नाहीत. नव्या प्रतिमा घडवून ती बदलावी लागली. साच्यातील एका ओळीची उणीव त्यापासून निघालेल्या प्रत्येक यंत्रात उतरते, हे यावरून स्पष्ट होते.

महत्त्व व मर्यादा : ज्या गुणामुळे चूक पसरते, त्याच गुणामुळे दुरुस्तीही पसरते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा-घटकातील दोष उघड झाला, तेव्हा तो घटक कोणत्या यंत्रांत आहे, हे शोधणे अनेक संस्थांना कठीण गेले. अशा प्रसंगी आवृत्त्यांची नीट नोंद असलेला साचा वाचून उत्तर मिळू शकते, तसेच त्यातील आवृत्ती बदलून नवी प्रतिमा घडविता येते व जुनी यंत्रे टप्प्याटप्प्याने काढता येतात. साचे आवृत्ती-नियंत्रणाखाली ठेवल्यास प्रत्येक बदलाचा कर्ता, काल व कारण यांची नोंदही राहते.

तथापि प्रतिमा ही घडणीच्या क्षणाचे चित्र असते. ती वापरात असताना नवे दोष उघड होत राहतात. म्हणून ठराविक काळाने पुनर्घडण आवश्यक ठरते. शिवाय चालू यंत्रात कोणी परस्पर बदल केले, तर साचा व यंत्र यांच्यात तफावत पडते आणि साचा वाचून यंत्राविषयी काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. यास्तव बदल यंत्रात न करता साच्यातच करावयाचा, ही शिस्त पाळली जाते तोवरच साचा हा यंत्राचा विश्वसनीय लेख राहतो.