उकाड्यातली आइस हॉकी

१९९८ साली अठरा वर्षांखालच्या मुलांचा आइस हॉकीचा एक आंतरराष्ट्रीय सामना झाला. दक्षिण कोरिया विरुद्ध थायलंड. निकाल लागला ९२-०! सामना साठ मिनिटांचा, म्हणजे सरासरी दर ३९ सेकंदांना एक गोल. कोरियाच्या एकट्या सोंग डोंग-ह्वाननं ३१ गोल ठोकले. दर गोलनंतर पक, म्हणजे कडक रबराची ती काळी चकती, मधोमध आणून खेळ नव्यानं सुरू करायचा असतो. थायलंडच्या पोरांनी हे सगळं पुन्हा पुन्हा केलं आणि सामना संपेपर्यंत ती खेळत राहिली.

आता पुढची गंमत बघा. २०१७ मध्ये क्वालालंपूरला आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत आइस हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि सुवर्णपदक मिळालं फिलिपिन्सला. २०१९ मध्ये तेच सुवर्ण थायलंडनं नेलं. मनिला आणि बँकॉक या दोन्ही शहरांची हवा आपल्या ठाणे-डोंबिवलीसारखीच, घामट आणि दमट. मग तिथली मुलं बर्फावर खेळायला शिकली कुठे? मॉलमध्ये! मेट्रो मनिलातल्या एसएम साउथमॉलनं तर १९९० च्या दशकातच आपल्या छताखाली बर्फाची रिंक थाटली.

पण अशा हवेत बर्फ टिकतो कसा? आंतरराष्ट्रीय रिंक साठ मीटर लांब आणि साधारण तीस मीटर रुंद असते. खाली काँक्रीटची लादी, तिच्या पोटात नळ्यांचं जाळं आणि नळ्यांतून फिरणारं, शून्याच्या बरंच खाली गार केलेलं न गोठणारं द्रावण. वरून पाण्याचे पातळ थर एकेक करून गोठवत जायचे. मध्येच पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेषा, मग पुन्हा थर. सगळा बर्फ मिळून जाडी भरते जेमतेम तीन सेंटिमीटर. हिशेब केला तर सुमारे ५० हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. उन्हाळ्यात आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाला दोन दिवसही पुरायचे नाहीत, एवढंच!

खरा वैरी उष्णता नव्हे, दमटपणा. एसी लोकलमधून डोंबिवलीच्या फलाटावर उतरलं की चष्म्यावर वाफ धरते ना, अगदी तेच रिंकमध्ये घडतं. बाहेरची ओली हवा आत शिरली की बर्फावर धुकं तरंगतं आणि खेळाडूला पक दिसेनासा होतो. त्यात छतही गार पडतं, कारण खालचा बर्फ त्याचीही उष्णता ओढून घेतो. गार छतावर दव धरतं, थेंब खाली पडतात आणि जिथे पडतात तिथेच गोठून टेंगळं उठतात. म्हणून दमट शहरातल्या रिंकला बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांइतकीच हवेतलं पाणी शोषणाऱ्या यंत्रांची गरज असते.

ब्लेडनी खरवडलेला बर्फ गुळगुळीत करायला दोन डावांच्या मध्ये झांबोनी नावाची गाडी फिरते. ती वरचा थर तासून काढते आणि मागे चक्क गरम पाणी पसरत जाते. गरम पाण्यात हवा कमी विरघळलेली असते आणि ते खालच्या बर्फाचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, त्यामुळे नवा थर टणक बसतो. ही गाडी घडवणारे फ्रँक झांबोनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या उन्हातले. त्यांचा धंदा बर्फाच्या लाद्यांचा. घरोघरी फ्रिज येऊ लागले आणि लाद्यांचा खप बसणार हे दिसलं, तेव्हा त्यांनी १९४० मध्ये रिंक काढली आणि १९४९ मध्ये हे यंत्र बनवलं.

ज्यांच्या मागे ९२-० सारखा निकाल आहे, अशी पोरं पुन्हा खेळायला येतात कशी, याचं उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा १९७७ पासून अधिकृतपणे भरते. सर्वांत वरच्या गटात फक्त दहा संघ, त्याखाली पहिली, दुसरी आणि तिसरी श्रेणी. मेक्सिको, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका अशा देशांची मुलं खालच्या पायऱ्यांवर आपल्या तोडीच्या संघांशी झुंजतात. जिंकणारा वर चढतो, तळाचा खाली उतरतो. कॅनडाशी गाठ पडण्याआधी बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

आणि आपण? भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. आपली हॉकी मुख्यतः लडाखची. लेहमध्ये साडेअकरा हजार फुटांवर तळी गोठतात, पण नैसर्गिक बर्फाचा हंगाम असतो जेमतेम दोन महिन्यांचा. बँकॉकच्या मुलाला बर्फ बारा महिने! तरीही आपला महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक पटकावलं. ते पदक मिळालं अल ऐनमध्ये, अमिरातीच्या वाळवंटात. डेहराडूनची रिंक मात्र २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली आणि मग वीजखर्च पेलेना म्हणून वर्षानुवर्षं बंद पडून राहिली. ती पुन्हा जागी झाली २०२५ मध्ये.

ठाणे-कल्याणच्या सोसायट्यांत संध्याकाळी चाकांवर गरगरणारी मुलं या खेळापासून फार दूर नाहीत. लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत आइस स्केटिंगची पदकं महाराष्ट्राची मुलंही आणतात. गुडघे वाकवून तोल राखणं, एका पायावर रेटा देणं, वळणावर आत झुकणं, हे सगळं चाकांवर शिकता येतं. अडतं ते थांबताना. बर्फावर दोन्ही ब्लेड झटक्यात आडवी करून, बर्फाचा भुगा उडवत थांबायचं असतं, आणि ते बर्फाशिवाय अंगात भिनत नाही.

तेव्हा आपल्याकडे बर्फ पडत नाही, ही सबब आता चालायची नाही. प्रश्न आहे रिंकचं वीजबिल बारा महिने कोण भरणार हा. मॉलमधल्या रिंकनी त्याचं साधं उत्तर शोधलं: दिवसभर हौशी गिऱ्हाइकांनी तिकीट काढून घसरायचं, पडायचं, हसायचं, आणि त्यांच्या पैशांवर गार राहिलेल्या बर्फावर सकाळी लवकर नाहीतर रात्री उशिरा पोरांनी सराव करायचा.