आजीच्या आईचं नाव काय?



आमची आजी गेली, त्याला आता चार वर्षं होतील. मृत्यूची नोंद करायला मी आणि काका गेलो होतो. फॉर्म मीच भरत होते. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, सगळं भराभर लिहिलं. मग रकाना आला, मयताच्या आईचं नाव. मी काकांच्या तोंडाकडं बघितलं. काकांनी आत्याला फोन लावला, आत्यानं मुंबईच्या काकांना. आजीची पाच लेकरं, तेरा नातवंडं, पण एकालाही ते नाव सांगता येईना. रकाना तसाच रिकामा राहिला.

पुढं दहाव्याला तिच्या माहेरच्या गावाहून एक म्हातारी आली. आली ती एक वेगळंच नाव घेऊन मोठ्यानं रडायला लागली. ही कुणासाठी रडतीय, तेच आधी आम्हाला समजलं नाही. ते आजीचं माहेरचं नाव होतं. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं आणि जुनं तिथंच संपलं. मी त्या म्हातारीजवळ बसून आजीच्या आईचं नाव विचारलं. ती म्हणाली, “अगं, आम्ही तिला थोरली काकूच म्हणायचो.”

आज बोलायचं आहे ते याच्यावरच. आजीची आठवण ठेवायची म्हणजे काय ठेवायचं? श्रद्धांजलीच्या फलकावर सगळ्या आज्या एकसारख्या असतात. प्रेमळ, कष्टाळू, देवभोळ्या. आमची आजी तापट होती, चोरून मिसरी लावायची, आणि बाजारात तिला कुणी फसवू शकत नव्हतं. हे कुठल्याच कागदावर नाही. कागदावर जे आहे तेही धड नाही. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी होती. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची कार्डं काढून बघा, बऱ्याच जणांची तीच निघेल. ज्यांना तारीख माहीत नसते त्यांना ती मिळते. शाळेत घातलेल्यांना गुरुजींनी १ जून दिलेला असतो.

म्हणून आजीला “तुझा जन्म कधीचा?” असं विचारू नका. ती म्हणेल, “मला काय ठाऊक!” आणि बोलणं तिथंच थांबेल. त्यापेक्षा विचारा, “भूकंप झाला तेव्हा तू कुठं होतीस?” आपल्या सातारा भागात कोयनेचा भूकंप सगळ्या म्हाताऱ्यांना आठवतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार-साडेचारचा सुमार. ती वेळ दळणाची. कुणी जात्यावर होतं, कुणी लेकराला पाजत होतं. आमची थोरली आत्या तेव्हा आजीच्या पोटात होती, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. म्हणजे तिचा जन्म १९६८ चा. शाळेच्या दाखल्यावर १९६६ आहे!

तसाच १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला कोण गेलं, लहान मूल कुणाजवळ ठेवलं, मिलोची लाल भाकरी कशी लागायची, सुकडी घरी कोण घेऊन यायचं. अशा एकेका प्रश्नाला आजी तासभर बोलेल. लग्न दुष्काळाच्या आधी की नंतर, पहिलं लेकरू भूकंपाच्या आधी की नंतर, असं लावत गेलं की साल आपोआप सापडतं.

दुसरी गोष्ट, तिला समोर बसवून मुलाखत घेऊ नका. हातात काम असू द्या. वाती वळताना, शेंगा फोडताना बायका जेवढं सांगतात तेवढं खुर्चीवर बसून सांगत नाहीत. जुनी गोधडी पुढ्यात घ्या आणि ठिगळावर बोट ठेवून विचारा, हे लुगडं कुणाचं? आमच्या एका गोधडीत आजीच्या धाकट्या बहिणीचं परकर-पोलकं आहे. ती बहीण नऊ वर्षांची असताना वारली. हे आईला माहीत होतं, मला गोधडी धुवायला काढली तेव्हा कळलं.

ओव्यांचंही तसंच आहे. “आजी, ओवी म्हण” म्हटलं की दोन ओळी होतात, पुढचं आठवत नाही. तिला जात्यावर बसवा, खुंटा हातात द्या. ओवीचा ठेका त्या फिरण्यातला, घास टाकायला हात थांबतो त्यातला. गावात गिरणी आली आणि हात सुटला, तशी ओवीही सुटली. गिरणी आली ते बरंच झालं हो! पहाटे उठून पायली-पायली दळायची हौस कुणाला होती? पण सासरचा जाच, भावाची वाट, मेलेलं लेकरू, हे सगळं बाई ज्या एका ठिकाणी मोकळेपणानं बोलायची, ते जातं होतं. आजही लग्नात हळद दळायला जातं बाहेर निघतं. त्या दिवशी फोन तयार ठेवा.

हे काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ओव्या बायांच्या आवाजात फुकट ऐकायला मिळतात. आणि बहिणाबाई चौधरी तर सगळ्यांना माहीत आहेत. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व घरच्या एकानं ते उतरवून ठेवलं. त्या १९५१ ला गेल्या, पुस्तक १९५२ ला आलं. घरात लिहून घेणारं कुणी नसतं तर?

फोनवर आवाज घ्यायचा तर पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन तिच्या जवळ उशीवर ठेवा. सुरुवातीला तारीख, गावाचं नाव आणि तिचं नाव बोला, नाहीतर पाच वर्षांनी कुणाचा आवाज ते ओळखू येणार नाही. पंधरा-वीस मिनिटं पुरे, म्हातारं माणूस थकतं. लिहून काढाल तेव्हा तिची बोली तशीच ठेवा. ती “व्हतं” म्हणाली असेल तर “होतं” करू नका.

आणि ती “हे कुणाला सांगू नगंस” म्हणाली, तर फोन बंद करायचा. तिच्या मनातलं घरच्या ग्रुपवर टाकायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.

माझ्याकडं आजीचा आवाज अकरा मिनिटांचा आहे, त्यातली निम्मी मिनिटं ती म्हशीबद्दल बोलते. तेही मी जपून ठेवलंय. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंबरोबर सांडगे घालताना मी वही घेऊन बसले. त्यांनी माहेरचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आईच्या आईचंही सांगितलं. मी तिन्ही लिहून घेतली. मग त्यांनीच विचारलं, “तुझ्या आजीच्या आईचं सापडलं का गं?”

नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, “पुढल्या महिन्यात त्या गावची जत्रा हाय. चल, जाऊन बघू.”