आई, तुला नाही कळायचं!

कालपरवापर्यंत शाळेतून आल्या आल्या, दप्तरही न उतरवता, स्वयंपाकघरात तुमच्या पायात घोटाळणारी लेक सातवीत गेली आणि एकाएकी मुकी झाली, असं झालंय का हो तुमच्याकडे? “आज काय झालं शाळेत?” “काही नाही.” “डबा कुणाबरोबर खाल्लास?” “असंच.” आणि तासाभरानं बघावं, तर आतल्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर कुजबुज आणि खिदळणं! मग आपल्याला लागतं. बारा वर्षं जिवापाड वाढवलं, आणि वर्षभराची ती मैत्रीण जवळची?

यावर एक मजेदार गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना त्यांच्या आईचा आणि परक्या बायकांचा आवाज ऐकवला. शब्दही निरर्थक आणि सेकंदभराहून छोटे. त्या वेळी मेंदूत काय चाललंय हे यंत्रावर पाहिलं. लहानग्यांचा मेंदू आईच्या आवाजानं जास्त सुखावत होता. तेराव्या वर्षाच्या सुमारास मात्र पारडं फिरलं, परका आवाज जास्त हवासा झाला! आणि गंमत म्हणजे आईचा आवाज ओळखण्यात ही मोठी मुलंसुद्धा चुकत नव्हती. म्हणजे माया आटलेली नाही, बायांनो. उद्या ज्या जगात राहायचं, तिकडे कान लागलेत, इतकंच.

पण हे बाहेरचं जग तरी कुठं धड असतं? आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाचवीला शाळा बदलते, मग तुकड्या पडतात आणि चौथीपर्यंत एका बाकावर बसलेली जोडी फुटते. त्यात शरीराचं घड्याळ प्रत्येकीचं निराळं. मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा ८ ते १३ या वर्षांत केव्हाही दिसू लागतात, मुलग्यांत ९ ते १४ मध्ये. एकीची पाळी सुरू झालेली, तिला आरशासमोरून हलवत नाही. आणि दुसरी अजून लंगडीत रमलेली. दोघींची गट्टी सुटली तर दोष कुणाला द्यायचा?

आणि गट्टी सुटते ती साधी सुटत नाही. तिघींतल्या दोघी एक होतात आणि तिसरीला वगळतात. डब्याच्या वेळी सरकून जागा करत नाहीत, व्हॉट्सॲपवर तिच्यावाचून नवा ग्रुप निघतो. आपण म्हणतो, “त्यात काय एवढं? दुसरी मैत्रीण कर!” लंडनच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुलींना आणि मोठ्या बायकांना संगणकावर चेंडू झेलण्याचा खेळ दिला होता. मध्येच त्यांच्याकडे चेंडू येईनासा झाला. खोटाखोटा खेळ, तरी मुलींचं मन मोठ्या बायकांपेक्षा जास्त खट्टू झालं. तेव्हा उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या मुलीचं दुःख नाटकी नसतं. तुमची नणंद सगळ्या जावांना हळदीकुंकवाला बोलावते आणि तुम्हालाच विसरते, तेव्हा कसं वाटतं, ते आठवा बरं!

अशा वेळी “काय वाटतंय गं तुला?” अशी समोर बसवून उलटतपासणी नको. मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना, केसांना तेल लावताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडत नाही तेव्हा, मुलं आपणहून बोलतात. बोलली की मध्ये तोंड घालू नका. आणि त्या मैत्रिणीला नावं तर मुळीच ठेवू नका! आठवड्याभरात बट्टी होते, आणि “माझ्या आईला तू आवडत नाहीस” हे ओझं तुमच्या पोरीच्या मानेवर बसतं. त्या मैत्रिणीच्या आईला तावातावानं फोन करणंही टाळा. एकाच बिल्डिंगमध्ये राहायचं, भिशी एक; पोरी विसरतात, आपण वर्षानुवर्षं धरून बसतो.

मुलग्यांचं म्हणाल तर ते बोलतच नाहीत. “आई, कोपऱ्यावरच सोड, गेटपर्यंत येऊ नकोस,” यातच सगळं आलं. सोडा कोपऱ्यावर. रात्री तोच मुलगा तुमच्या पदराला हात पुसून जातो की नाही?

घरात आणखी एक जण यात नकळत हरवतो. मुलगी मोठी झाली म्हणून बाबा संकोचतात. खांद्यावर हात ठेवणं बंद, मस्करी बंद. तिला वाटतं, आपलंच काही चुकलं. यजमानांना जरा बाजूला घेऊन सांगा. रविवारी भाजी आणायला दोघांनीच जावं, सायकलचं पंक्चर दोघांनी मिळून काढावं. आजी घरात असेल तर फारच छान. जे आईला सांगता येत नाही, ते आजीच्या कुशीत सांगून होतं. तिथे “काय म्हणत होती?” म्हणून सासूबाईंना खोदू नका.

मात्र पंधरा दिवस उलटले तरी जेवण-झोप ताळ्यावर नाही, रोज सकाळी पोट दुखतं, शाळेचं नाव नको, फोन वाजला की चेहरा उतरतो, असं असेल तर वर्गशिक्षिकेला एकांतात भेटा, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मानसिक त्रासाबद्दल फुकट सल्ला मिळतो, मराठीतही.

आणि एकटी पडलेल्या मुलीला सगळ्यांत कठीण जाते ती मधली सुट्टी. तेवढे दिवस डब्यात चार घास जास्तीचे द्या, चकली, धिरडं, कोथिंबीर वडी असं वाटून खाता येण्याजोगं. शेजारच्या बाकावरच्या मुलीपुढे डबा करायला बोलावं लागत नाही.