जिवाणूंची पावडर टाकल्यानं तलावातलं शिसं जाईल का?



जिवाणू पाण्यातले जड धातू खाऊन टाकतात, असं सध्या मोबाइलवर फिरत आहे. आपल्या तलावात अशी पावडर टाकू या का, असं काही सभासदांनी विचारलं, म्हणून हे थोडं सविस्तर.

गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. शेण, सडका पाला, मासोळ्यांची घाण जिवाणू खरंच फोडून टाकतात. शिसं, कॅडमियम, पारा मात्र सडत नाहीत. जिवाणू किंवा शेवाळ त्यांना फक्त धरून ठेवतं. पेशीच्या भिंतीवर ऋण भार असतो आणि पाण्यात विरघळलेल्या धातूवर बहुधा धन भार, म्हणून धातू तिथं चिकटतो. मेलेलं शेवाळही हे काम करतं.

असलं काम आपल्याकडेही दिसतं. नाल्याकाठी पाणी झिरपतं तिथं नारिंगी चिकट थर आणि वर तेलासारखी चकाकी असते, पाहिलीच असेल. काडीनं हलवा. चकाकीचे काचेसारखे तुकडे झाले तर ते जिवाणूंचं काम, परत जुळली तर तेल समजा. लेप्टोथ्रिक्स नावाचे जिवाणू पाण्यातलं लोह आणि मँगनीज असं घट्ट करून खाली बसवतात, आणि त्या थराला इतर धातूही चिकटतात. आपला सौंसर पट्टा तर मँगनीजचाच. पलीकडे सावनेर तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या नीरी संस्थेनं साखर कारखान्याची मळी आणि मुळांजवळचे जिवाणू वापरून झाडं उभी केली.

नेदरलँड्समध्ये बुडेल इथल्या जस्त कारखान्यात 1992 पासून जिवाणूंनी दूषित भूजल साफ केलं. पण कुठे? बंद टाक्यांत. जिवाणू धातूचा गाळ करतात, तो गाळ बाहेर काढला जातो. खरी मेख इथंच आहे.

तलावातून काय बाहेर काढणार? कतला पाण्यातले बारीक जीव खातो, रोहू शेवाळ आणि वनस्पती, मृगल तळाचा गाळ. शेवाळानं धरलेलं शिसं असं मासोळीत जातं, कल्ले, यकृत, हाडांत साठतं. पाऱ्याचं तर आणखी वाईट. गाळातले काही जिवाणूच त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो थेट मांसात बसतो, धुऊन-शिजवून जात नाही. जपानच्या मिनामाटात 1956 साली जो आजार उघड झाला, तो मासळीतल्या याच विषाचा होता.

म्हणून धातूसाठी पावडर घ्यायची नाही, असं समितीचं मत आहे. दुकानातल्या पावडरी बहुतेक घाण आणि अमोनिया कमी करायला असतात, त्या कामाला वापरा, हरकत नाही. धातूची शंका असेल तर आधी पाणी, गाळ आणि मासोळी तिन्ही तपासायला द्यायचे. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी नितळ म्हणजे चांगलं, असं धरू नका.

आणि येणारंच अडवायचं. रंगीत मूर्ती तलावात नको, वेगळ्या कुंडात विसर्जन करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सूचनाही तेच सांगतात. जुन्या बॅटऱ्या काठावर फोडू नका. फेकजाळ्याच्या शिशाच्या गोळ्या तुटल्या तर पाण्यात सोडू नका, डब्यात जमा करा. त्या घरच्या चुलीवर वितळवू तर अजिबात नका, लेकरं धुरात बसतात.