मैदानाच्या कडेची थंडी

थंडीचा विषय निघाला की गोमंतकीय माणूस हसतो. 'आमच्या गोंयांत खंय थंडी?' असे म्हणून तो चर्चा तिथेच संपवतो. आकडे पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नाही. पणजीसारख्या किनाऱ्यालगतच्या ठिकाणी पौष-माघातही रात्रीचे तापमान साधारणपणे वीस अंशांच्या आसपास राहते. सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकावे तसे ते आणखी काही अंशांनी उतरते. दिल्लीकराने याला थंडी म्हणण्यास नकार द्यावा, इतके ते सौम्य. तरीही डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत, विशेषतः सोमवारी सकाळी, माझ्याकडे जी मुले येतात त्यांतील पुष्कळांची कहाणी एकाच वाक्याने सुरू होते: 'डॉक्टर, काल राती मॅच बघूक गेल्लीं.'

स्मरणिकेतील वैद्यकीय लेखांत मधुमेह आणि रक्तदाब यांना मानाची पाने मिळतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र मैदानाच्या कडेला बसलेल्या मंडळींविषयी, आणि त्यांच्या मांडीवर झोपलेल्या मुलांविषयी, चार शब्द लिहावेत असे वाटले.

पेडणे आणि डिचोली हे आपले दोन्ही तालुके रात्री उघड्यावर बसण्यात मुरलेले आहेत. कोजागरीला पेडण्याची पुनव जागते. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे त्रिपुरारीला, साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या पात्रात दिव्यांनी सजवलेल्या नौकांची स्पर्धा होते आणि काठावर माणसे तासन् तास बसतात. पुढे जत्रा सुरू होतात. दशावतारी मंडळींचा दहीकाला रात्री उशिरा रंगात येतो आणि पहाटे संपतो. या जागरणाच्या परंपरेत आता प्रकाशझोतातल्या टेनिस बॉल क्रिकेटची भर पडली आहे. सरदाचे भात कापून झाले, आणि जिथे वायंगण केले जात नाही, तिथे शेत म्हणजेच मैदान. अंतिम सामना मध्यरात्रीच्या पुढे सरकतो आणि सारा वाडा, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत, कडेला बसलेला असतो.

या सगळ्यांत थंडी कोणाला लागते? धावणाऱ्या गोलंदाजाला नव्हे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करतो. धावू लागला की तीच कित्येक पटींनी वाढते. म्हणजे ज्या हवेत खेळाडू घाम पुसत असतो, त्याच हवेत प्रेक्षक निवत असतो. सर्वांत वाईट स्थिती त्या मुलाची, जे संध्याकाळभर सीमारेषेबाहेर चेंडू आणायला धावते, घामाने भिजते आणि मग ओल्या बनियनवर तीन तास आजोबांच्या शेजारी बसते. घाम वाळताना लागणारी उष्णता त्याच्याच अंगातून जाते. पालकांना मी पुन्हा पुन्हा सांगतो की स्वेटर विसरलात तरी एक वेळ चालेल, पण पिशवीत एक कोरडा सदरा असू द्या. सुती कपडा ओला झाला की ऊब राखण्याच्या कामाचा राहत नाही. लोकर ओली झाली तरी बऱ्याच अंशी राखते. घोंगडी पांघरणारा धनगर हे कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणत होता.

दुसरी गोष्ट आकाशाची. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत असते आणि आपले शरीरही तेच करत असते. गवतावर दव पडते ते जमीन हवेपेक्षा अधिक थंड झाल्यामुळे. सामन्याच्या पहाटे मुद्दाम पाहावे: उघड्या शेतातल्या खुर्च्या ओल्याचिंब असतात, आणि बांधावरच्या आंब्याखालची खुर्ची बहुधा कोरडी. झाडाचे छत तेवढे आकाश झाकते म्हणून. दशावताराला आणि जत्रेला मांडव घालण्याची जी पद्धत आहे, तिची किंमत मला बालरोगतज्ज्ञ झाल्यावर कळली. शिवाय थंड हवा जड असते. ती डोंगरउतारावरून घरंगळत येऊन खोलगट जागी साठते. शेते नेमकी अशाच जागी असतात. वरच्या पठारावर वारा असेल, पण खाली वाऱ्याशिवायही गारठा जाणवतो. तापमान मोजणारे यंत्र गावाच्या शेतात बसवलेले नसते, हे वर्तमानपत्रातला आकडा वाचताना ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट बुडाखालची. आपल्या आया-आज्या दहीकाल्याला निघताना काखेत चटई आणि खांद्यावर वाकळ घेऊन जात. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर शिवलेली ती वाकळ म्हणजे थरांत कोंडलेली हवा, आणि स्थिर हवेइतके स्वस्त व उत्तम उष्णतारोधक दुसरे नाही. त्या आधी जमिनीवर अंथरत आणि मग उरलेले पांघरत. आज आपण उलटे करतो. अंगावर परदेशातून आलेले जाकीट असते आणि खाली दवाने भिजलेली प्लॅस्टिकची खुर्ची, नाहीतर सिमेंटची पायरी. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओल्या पृष्ठभागावर बसलेल्याने वर कितीही घातले तरी खालून गळती चालूच राहते. टोरांटोला राहणारा माझा एक आप्त मुलाचा फुटबॉल पाहायला शून्याच्या खाली उभा असतो. तो पायांखाली पुठ्ठा टाकतो. तो काही नवे करत नाही, तो आपल्या आजीची चटईच अंथरतो आहे, एवढेच. तिथले लोक अंगावर तीन थर चढवतात: आत घाम बाहेर टाकणारा, मध्ये ऊब धरणारा, वर वारा अडवणारा. आपल्याला त्यातले पहिले दोन पुरेत. तिसरा कुठे लागतो ते पुढे सांगतो.

आता तान्ह्या बाळांविषयी, कारण हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. बाळाचे वजन थोडे आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ फार, म्हणून ते मोठ्यांपेक्षा पुष्कळ लवकर निवते. नवजात बाळ आपल्यासारखे कुडकुडत नाही. त्याच्या खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि मानेभोवती तपकिरी रंगाची एक खास चरबी असते. ती जाळून ते ऊब निर्माण करते. हा साठा मर्यादित असतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर फारच थोडा. न कुडकुडणाऱ्या बाळाला थंडी वाजते आहे हे शेजारी बसलेल्या आईलाही दिसत नाही, ही खरी अडचण आहे. ते रडत नाही, उलट शांत होते, आणि 'गाढ झोपले हो' म्हणून सगळे सामन्याकडे वळतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्रीनंतर पहाटे तीन आठवड्यांचे एक बाळ आमच्याकडे आणले गेले. दूध ओढत नव्हते, तळपाय गार, पोटही गार. काखेतले तापमान ३५.४ अंश सेल्सिअस. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीनुसार नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ असावे, ३६ च्या खाली ते मध्यम शीतावस्थेत गेले असे धरतात आणि ३२ च्या खाली ती गंभीर होते. बाळाच्या अंगात झालरींचा कृत्रिम धाग्याचा झगा होता, आत लंगोट ओला, आणि रात्रीचा बराच वेळ ते प्लॅस्टिकच्या पाळण्यात, गवतावर ठेवलेले होते. आईला म्हटले, 'बाय, तो झगा काढ आणि त्याला आधी छातीशी धर, उघड्या अंगाला उघडे अंग.' वरून पांघरूण घातले, डोक्याला कोरडी टोपी. रक्तातली साखर तपासली, जंतुसंसर्गाच्या तपासण्या केल्या. गार पडलेले नवजात बाळ हे थंडीने गार पडले की आतल्या जंतुदोषाने, हे नुसते पाहून कोणीही ठरवू नये. तासाभरात बाळाने तोंड हलवले. तिसऱ्या दिवशी घरी गेले. तोवर आजी कोपऱ्यात उभी राहून सुनेला बोल लावत होती. तिला मला सांगावे लागले की तुम्ही दहीकाल्याला मुलगा पदराखाली घेऊन बसत होता, म्हणून तो वाचला. या मुलीला तसे बसायला कोणी सांगितलेच नाही.

आईच्या छातीशी बाळ ठेवण्याची ही रीत वैद्यकशास्त्रात 'कांगारू मातृसेवा' म्हणून ओळखली जाते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे या डॉक्टरांनी ती सुरू केली. एका उबपेटीत दोन-तीन बाळे ठेवण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. आज जगभर ती मान्य आहे. मैदानावर उबपेटी नसते, पण आई असते. माझा आग्रह अर्थात याच्याही आधीचा आहे: पहिले दोन महिने बाळाला रात्रीच्या सामन्याला नेऊच नये. बारशाचे पाहुणे चालतात, मग सामना का नाही, असे विचारणारे भेटतात. बारसे घरात असते.

टोपीविषयी एक खुलासा. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे आपण सगळेच ऐकत आलो. प्रौढांच्या बाबतीत ते खरे नाही. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा समज वैद्यकीय गैरसमजांच्या यादीत घातला. मोठ्या माणसाचे डोके म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा भाग, आणि उष्णताही साधारण तेवढीच जाते. तान्ह्या बाळात मात्र डोक्याचा वाटा जवळपास पाचवा हिस्सा असतो. म्हणून कानटोपी नातवाला आवश्यक, आजोबांना ऐच्छिक. आपल्याकडे नेमके आजोबाच ती घालून बसलेले दिसतात.

याची दुसरी बाजूही आहे. सातव्या वर्षाच्या धट्ट्याकट्ट्या मुलाला दोन स्वेटर, मफलर आणि वर शाल असे गुंडाळून ठेवणाऱ्या मातांची संख्या कमी नाही. ते मूल आत घामाने भिजते आणि मग खरोखरच गारठते. मानेमागे हात घालून पाहावे: घाम लागला तर एक थर उतरवावा, गार लागली तर चढवावा. हातपायांच्या बोटांवरून अंदाज करू नये. ती बऱ्याचदा उगाच गार असतात.

सर्दीचे खापरही थंडीवर फोडू नये. सर्दी विषाणूंनी होते, आणि खांद्याला खांदा लावून ओरडणाऱ्या गर्दीत त्यांना फिरायला मोकळे रान मिळते. दमा असलेल्या मुलाची गोष्ट निराळी. थंड हवा, शेतातली धूळ, डिचोलीकडे रस्त्यावरची तांबडी माती, आणि त्यात पेंढा व प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून पेटवलेली शेकोटी, एवढे सगळे एकत्र आले की श्वासनलिका आकुंचन पावायला फार वेळ लागत नाही. अशा मुलाचा पंप आणि स्पेसर आईच्या पर्समध्ये असावा. घरी कपाटात ठेवलेल्या पंपाचा मध्यरात्री शेतात काही उपयोग नाही. शेकोटीपाशी कृत्रिम धाग्याचे कपडे घातलेली मुले फिरू देऊ नयेत; भाजल्याच्या जखमा थंडीपेक्षा कितीतरी वाईट असतात.

बाबांसाठी एक परिच्छेद राखून ठेवला आहे. 'ऊब यावी म्हणून' घेतलेली फेणी वा रम त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलवते. चेहरा तापतो, बरे वाटते, आणि आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. कुडकुडण्याची नैसर्गिक प्रतिक्रियाही मंदावते. त्यापेक्षा गरम पेज, चहा, नाहीतर गाड्यावरचे रस-ऑम्लेट बरे. मुख्य म्हणजे याच बाबांना नंतर दुचाकी चालवायची असते.

परतीच्या वाटेविषयी मला अधिक चिंता वाटते. २०१४ पासून फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचे रात्रीचे सामने होऊ लागले आणि आपल्या तालुक्यांतली मुलेही वडिलांच्या स्कूटरवर बसून मडगावपर्यंत जाऊ लागली. परतताना मध्यरात्र होते. लहानगा पुढे उभा असतो, म्हणजे वडिलांसाठी वारा अडवणारा तोच. शरीराभोवती जो उबदार हवेचा पातळ थर असतो तो वेगाने सारखा उडून जातो, आणि मांडवी वा शापोरा ओलांडताना तर ओली हवा अंगावर येते. वर म्हटलेला तिसरा, वारा अडवणारा थर लागतो तो इथे. पावसाळी रेनकोटही चालतो. मूल दोघांच्या मध्ये बसवावे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षा-पट्टा आणि नऊ महिन्यांपुढे त्याच्या मापाचे हेल्मेट सक्तीचे झाले असून वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. झोपी गेलेले मूल पट्ट्याशिवाय दुचाकीवर धरून ठेवता येत नाही. हा नियम थंडीसाठी केलेला नसला तरी थंडीच्या रात्री तो दुप्पट कामाचा.

घरी पोहोचल्यावर मुलाला चोळण्याचा मोह होतो. कापूर असलेली मलमे दोन वर्षांखालील मुलांना लावू नयेत आणि कोणत्याही वयात नाकाच्या आत घालू नयेत. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. कपडे बदलावेत, काही कोमट पाजावे, अंथरुणात घ्यावे. पहाटे लगबगीने आंघोळ घालण्याची गरज नाही. बाळ सुस्त वाटले, दूध टाकले, पोटाला हात लावून गार लागले, किंवा श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जात असल्या, तर मात्र सोमवारच्या सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दार वाजवावे.