फिकट नलिकेतला टाउ

उंदराच्या वृषणावरचं पातळ पांढरं आवरण चिमट्याने फाडलं की आतल्या नलिकांचा गुंता बशीतल्या थंड बफरमध्ये पसरतो. खालून दिवा लावून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर एकच नलिका कुठे गडद, कुठे फिकट दिसते. गडद भागात सुटायला आलेले शुक्रजंतू दाटलेले असतात. तो संपला की नलिका एकदम उजळते. आम्हांला हवा असतो तो हा उजळ तुकडा, कारण गोल पेशी लांबट व्हायला लागते ती इथे.

मिलिमीटरभर तुकडा काचपट्टीवरच्या थेंबात ठेवायचा, वर कव्हरस्लिप टाकायची आणि कडेने टिपकागद लावून पाणी ओढून घ्यायचं. पेशी एकेक करून पसरतात. जरा जास्त टिपलं की फुटतात. घाईच्या माणसाने या कामाला हात लावू नये. मग पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची, ब्लेडच्या टोकाने कव्हरस्लिप उडवायची आणि अँटिबॉडी घालून रात्रभर थांबायचं.

सकाळी निळ्या केंद्रकाभोवती सूक्ष्मनलिकांचा हिरवा घागरा दिसतो. हे मँचेट. केंद्रक आवळून उंदराच्या शुक्रजंतूचं आकडीदार डोकं घडवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. काम झालं की ते विरून जातं. हुक1 या जनुकात दोष असलेल्या उंदरांत ते जागेवर बसत नाही आणि डोकी वेडीवाकडी होतात.

याच घागऱ्यावर टाउ सापडतं. रॅटमध्ये ते 1992 साली दाखवलं गेलं. टाउ 1975मध्ये प्रिन्स्टनला डुकराच्या मेंदूतून मिळालं आणि पुढे अल्झायमरमधल्या गुंत्यांमुळे गाजलं, म्हणून त्याच्यावर मेंदूचा शिक्का बसला. खरं तर ते सूक्ष्मनलिकांना धरून राहणारं प्रथिन. फॉस्फेटचे गट चिकटले की त्याची पकड सुटते. चेतापेशीचा लांब तंतू काय किंवा हा चार दिवसांचा घागरा काय, सूक्ष्मनलिका दोन्हीकडे लागतातच.

तरी टाउवाचून शुक्रजंतू घडतच नाही, असं मी म्हणणार नाही. टोकियोत 1994मध्ये टाउ नसलेले उंदीर तयार केले, ते जगले. अशा उंदरांची पैदासही होते. तेव्हा मँचेटवर टाउच्या अँटिबॉडीचा लाल प्रकाश दिसला, तरी आधी शेजारची पट्टी बघायची, टाउ नसलेल्या उंदराची. तिथेही लाल दिसलं, तर अँटिबॉडी बदलायची.